थोरल्या जावयाचा कायमचा पत्ता

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संध्याकाळी ७.

संक्रांत. गोड बोला म्हणतात. मी चार वाजल्यापासून कोणाशीच बोललेलो नाही.

घटना तपशीलवार नोंदवून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की मी उगाच डूख धरला. पंकजाच्या हळदीकुंकवाला तिच्या माहेरची झाडून सगळी माणसं आमच्या सावेडीच्या घरी आली होती. मी आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं की घराण्याचे सगळे जुने फोटो हॉलमधल्या टीव्हीवर दाखवणार. माझ्या सर्व्हरवरून. सर्व्हर म्हणजे आमच्या ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, पण आता तो सर्व्हर आहे. सगळे बसले. मी टीव्हीवर पत्ता टाकला. काही आलं नाही. पुन्हा टाकला. काही आलं नाही. दुपारी लाइट गेली होती. लाइट परत आली की राऊटर घरातल्या सगळ्या मशिनींना नव्याने नंबर वाटतो, त्यात माझ्या सर्व्हरचा नंबर बदलला. यात माझा काय दोष?

तेव्हा गहिनीनाथ बोलला. गहिनीनाथ म्हणजे माझा साडू, धाकट्या मेहुणीचा, रतनचा नवरा. शनिशिंगणापुरात तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. तिळगूळ चघळत म्हणाला, साडूभाऊ, तुमचं मशीन भाडेकरू हाय व्हय? लाइट गेली की खोली बदलतंय.

मी नोकरीतली बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली हे त्याला माहीत आहे. म्हणूनच बोलला. चाळीस माणसं हसली. मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या त्याच्याकडे राहतात, त्यांना हसावंच लागतं.

मी थोरला जावई आहे. सूड घेणार.

१५ जानेवारी. सकाळी ६.१५.

शांत डोक्याने विचार केला. सूड दोन कलमी.

सर्व्हरला कायमचा पत्ता द्यायचा. लाइट जावो, राऊटर जळो, पत्ता तोच. मी एकतीस वर्षं सिंचन खात्यात आवक-जावकला होतो. पत्ता या विषयात मला शिकवायला नगर जिल्ह्यात कोणी नाही.

दुसरं. आमच्या लग्नाची कॅसेट. १९९३ ची. सासऱ्यांचा, आसारामबापूंचा आवाज आणि चालतं-बोलतं चित्र जगात फक्त तिच्यात आहे. लग्नानंतर वर्षभरात ते गेले. मी दिवाळीत ती कॅसेट स्टुडिओत देऊन कॉम्प्युटरमध्ये घेतली. सुरुवातीची दोन मिनिटं बघितली, मांडव आणि बँड व्यवस्थित आहे. पुढचं बघायची गरज नाही, मी तिथे होतोच. मामी दर फोनला विचारतात, ह्यांचं बोलनं ऐकवता ना जावईबापू? आता ऐकवणार. पण माझ्या पत्त्यावर. ज्याला सासरे बघायचेत त्याने माझ्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा, आणि तो पत्ता गहिनीनाथला सगळ्यांदेखत मला विचारावा लागेल. पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप, काही मिळणार नाही.

पंकजाला सांगितलं. ती म्हणाली, आईला एक पेनड्राइव्ह द्या आणि विषय संपवा. बायकांना सूड कळत नाही.

१६ जानेवारी.

दिशाला फोन. लेक पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. म्हणाली, पपा, दहा मिनिटांचं काम आहे, मी फोनवर सांगते. तिच्या कंपनीत दहा मिनिटं लागत असतील. आमच्याकडे कामाची पद्धत असते. म्हटलं, अभ्यास करून कळवतो.

१९ जानेवारी.

फाइल उघडली. विषय: सर्व्हरला स्थिर पत्ता देणेबाबत. निळ्या दोऱ्याने बांधली.

गहिनीनाथला सगळ्यांसमोर म्हणायचं वाक्यही तयार झालं. "गहिनीनाथराव, भाडेकरू बदलतात, मालक बदलत नाहीत." आरशात म्हणून बघितलं. चेहरा शांत ठेवायचा, म्हणजे जास्त लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.

वसंत पंचमी. काम केलं. दिशाची गरज पडली नाही.

पत्त्याचे पहिले तीन आकडे आमच्या घरातल्या सगळ्या मशिनींना सारखेच आहेत: १९२.१६८.१. म्हणजे गाव, तालुका, जिल्हा. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा, घर नंबरासारखा. यादी काढली. टीव्हीला ५, माझ्या मोबाईलला ४, पंकजाच्या मोबाईलला ३. सर्व्हरला १२. बारा! ज्याच्या पोटात सगळं घराणं आहे तो बाराव्या नंबरावर, आणि बायकोचा मोबाईल तिसऱ्या. सेवाज्येष्ठता नावाची काही गोष्ट असते. यादीत १ कोणाच्याच नावावर दिसला नाही. थोरल्या जावयाचा मान पहिला. सर्व्हरला १ दिला.

ओके दाबलं. इतिवृत्तात नोंद: दुपारी १२.४०, यशस्वी.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

नेट बंद. योगायोग. फायबरवाल्याची लाइन अधूनमधून जातेच.

३ फेब्रुवारी.

नेट बंद. फायबरवाल्याला लेखी तक्रार दिली, जावक क्रमांक १. तो आला, दारातला डबा उघडला, बंद केला, म्हणाला, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी केलंय. मी त्याला विचारलं, तुम्ही शिंगणापूरला कधी जाता का? तो म्हणाला, शनिवारी जातो. लक्षात ठेवलं.

पंकजाची मालिका बुडाली. ती शेजारच्या बनुबाईंकडे बघायला गेली आणि तिथे आमच्या घरात काय चाललंय ते सांगून आली.

५ फेब्रुवारी.

नेट बंद. पंकजाने परस्पर दिशाला फोन लावला. दिशा आधी दोन मिनिटं नुसती हसली. मग म्हणाली, पपा, एक नंबर राऊटरचा असतो. घरातली सगळी मशिनं बाहेर जायला एक नंबरला विचारतात. तुम्ही तुमच्या सर्व्हरला एक दिल्यामुळे ती त्याच्याकडे जाऊन विचारताहेत, आणि त्याला काही माहीत नाही.

म्हटलं, ज्येष्ठ असून अधिकार नाही, हा अनुभव मला नवा नाही.

मग दोन घ्या, म्हणाली. दोन नंबर धाकट्या साडूचा. प्राण गेला तरी घेणार नाही.

सर्व्हर बंद केला. नेट आलं. तात्पुरती माघार.

११ फेब्रुवारी.

दिशाचा सल्ला: दोनशेच्या पुढचा आकडा घ्या, कारण राऊटर छोटे आकडे स्वतः वाटत असतो, त्यातला घेतला तर कधीतरी दुसऱ्या मशीनला तोच जाईल. आणि छोटाच हवा असेल तर राऊटरमध्येच तो राखून ठेवा. दोन मिनिटांचं काम.

दोनशेवा? पंगतीत दोनशेव्या पानावर बसणारा मी नाही. आणि राऊटरकडे राखून ठेवा म्हणून अर्ज करायचा? जो लाइट गेली की सगळ्यांची घरं बदलतो त्याच्याकडे? मी सर्व्हरमध्ये लिहिणार, राऊटरने ते निमूट मान्य करायचं.

दिशाला म्हटलं, विचार करतो. फाइलवर शेरा मारला: अमान्य.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

दिल्लीगेटला भाजी घेताना सुचलं. ८. आठ हा शनीचा आकडा. गहिनीनाथ शनीच्या दारात धंदा करतो, आणि शनी न्याय देतो. त्याच्याच देवाच्या नंबरावरून त्याला न्याय मिळणार. एवढी चपखल कल्पना खात्यात असताना सुचली असती तर प्रमोशन मिळालं असतं.

मुहूर्त: शनी अमावस्या, २९ मार्च. पंकजा म्हणाली, सहा आठवडे? म्हटलं, चांगल्या सुडाला वेळ लागतो.

८ मार्च.

मामींचा फोन. पंकजाने मला दिला. मामी म्हणाल्या, जावईबापू, डाव्या कानानं आता कायच न्हाई. उजव्यानं लाऊड केल्यावर येतंय. डाक्टर म्हनला त्योबी जाईल. ह्यांचा आवाज तेवढा कान हाय तवर घालून द्या.

मी म्हटलं, मामी, सत्तावीस एप्रिलला तुमची पंचाहत्तरी आहे ना, तुमच्याच घरात, मोठ्या टीव्हीवर, सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवतो. त्या म्हणाल्या, एवढ्या मान्सात कशाला, मोबाईलवर धाडा की. म्हटलं, मोबाईलवर क्वालिटी जाते.

फोन ठेवल्यावर पंकजाने विचारलं, तुम्ही ती कॅसेट शेवटपर्यंत बघितलीय का? म्हटलं, मी तिथे होतो. ती कणीक मळायला गेली.

सात आठवडे काय, बघता बघता जातील. एका कानाला सात आठवड्यांत काय होतंय.

२९ मार्च, शनिवार. शनी अमावस्या. सकाळी ११.

झालं!

१९२.१६८.१.८. लिहिलं, ओके दाबलं, नेट चालू राहिलं. सर्व्हर बंद केला, चालू केला. आठ. मेन स्विच पाडला. पंकजा बाथरूममध्ये होती, ओरडली. चालू केला. आठ. राऊटर काढून परत लावला. आठ. पाच वेळा करून बघितलं. एकतीस वर्षांत एवढा समाधानाचा शनिवार आठवत नाही.

गहिनीनाथ आज दिवसभर लाखभर माणसांना तेल विकत असेल. विक म्हणावं.

३० मार्च. पाडवा.

गुढीच्या शेजारी सर्व्हर ठेवला. पंकजाने उचलून परत खोलीत नेला.

वाक्यात सुधारणा: "गहिनीनाथराव, भाडेकरू बदलतात, मालक बदलत नाहीत, आणि आठ तर कधीच बदलत नाही." जरा लांब झालं. पण जोर आहे.

१ एप्रिल.

पंचाहत्तरीची पत्रिका गहिनीनाथने स्वतःच्या नावाने छापली आहे. खाली आमचं नाव आहे, "आणि समस्त जावई" यात. समस्त! जावई दोनच आहेत.

उत्तर म्हणून मी स्वतंत्र कार्ड छापून घेतलं. दीडशे. वर गणपती, खाली: "कै. आसारामबापू यांचे बोल व चलचित्र पाहण्याचा कायमचा पत्ता: १९२.१६८.१.८. आपला, राधाकृष्ण (थोरले जावई)." सगळ्या पाहुण्यांना पोस्टाने पाठवलं. पोस्टातल्या माणसाने एक कार्ड वाचून विचारलं, पिनकोड कुठाय? म्हटलं, तो पिनकोडच्या पुढचा पत्ता आहे.

५ एप्रिल.

पाहुण्यांचे फोन. सोनईचे रामहरीमामा म्हणाले, नंबर टाकला, नुसतं गोल फिरतंय. नेवाशाच्या लंकाबाई म्हणाल्या, आमच्या लेकानं टाकला, पासवर्ड मागतोय, तो काय? आणखी सहा जणांकडे काही उघडत नाही. सगळ्यांना एकच सांगितलं: तुमचे मोबाईल स्वस्तातले आहेत, सत्तावीसला प्रत्यक्ष बघा. लोक पत्ता हातात असून पोहोचत नाहीत, हे मी आवक-जावकला पुष्कळ बघितलं आहे.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी १०. लाल अक्षरात लिहावा असा दिवस.

गहिनीनाथचा फोन. आवाज कापत होता, रागाने की भीतीने ते ठरवत नाही, दोन्ही चालेल. म्हणाला, साडूभाऊ, तुमच्या कार्डावरला नंबर मी घरी बसून दाबला तर आमचा गोठा दिसाया लागला. आमची म्हस, आमची गव्हान, कडब्याची पेंडी, समदं. तुमी आमच्या गोठ्यात कवा घुसला?

तो म्हणाला, आमच्या गावात दाराला कडी न्हाई, कुलूप न्हाई, कुनी कुनाचं बगत न्हाई, आन तुमी सावेडीत बसून आमची म्हस बगता? मी सावकाश म्हटलं, गहिनीनाथराव, आठ नंबर सगळं बघतो.

फोन ठेवल्यावर लाल पेन शोधून ही नोंद लिहायला घेतली. आनंदाने.

हे कसं झालं ते मलाही कळलं नाही. पण सर्व्हरने आपणहून केलं असावं. मालकाचं दुःख यंत्रालाही कळतं.

७ एप्रिल. संध्याकाळी.

दिशाने तांत्रिक खुलासा केला. त्याच्या गोठ्यावर कॅमेरा आहे, त्याच्या घरच्या राऊटरने त्या कॅमेऱ्याला आठ दिलाय. हा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, पपा. प्रत्येक घरात एक आठ असतो. काकांनी स्वतःच्या घरात स्वतःचाच कॅमेरा उघडला. आणि त्याला पासवर्डही नाही?

पासवर्ड नाही. शिंगणापूरचा माणूस. घराला दार लावत नाही तो म्हशीला पासवर्ड लावणार?

तर खुलासा असा आहे. पण गहिनीनाथला तो माहीत नाही, आणि परिणाम महत्त्वाचा. दिशा पुढे म्हणत होती, म्हणून पपा, तुमचा सर्व्हर तिकडे नेलात तर तो नंबर आधी... मला विजयाच्या वेळी सूचना ऐकायची सवय नाही. म्हटलं, बाळा, नंतर बोलू.

९ एप्रिल.

रतन पंकजाला फोनवर रडली. गहिनीनाथने गोठ्यात जाणंच सोडलंय, धार रतनलाच काढावी लागते. तो म्हणतो, साडू बगतोय. बायकोला वाईट वाटलं. मलाही वाटलं असतं, पण संक्रांत आठवली.

पंकजा म्हणाली, त्यांना खरं सांगून टाका. म्हटलं, सत्तावीसनंतर.

१८ एप्रिल.

पितळी पाटी आणली. १९२.१६८.१.८. सर्व्हरला स्क्रूने बसवली. आता पुसला जाणार नाही. स्क्रू आत कशाला तरी लागला, पण सुरू होतंय.

२० एप्रिल, रविवार.

पंकजा आज जेवताना पुन्हा म्हणाली. शेवटचं सांगते, आईला पेनड्राइव्हवर द्या. ती एकटी खोलीत बसून ऐकेल. सगळ्यांसमोर नको.

म्हटलं, सगळ्यांसमोर माझा अपमान झाला. तेव्हा सगळ्यांसमोर नको असं कोणी म्हणालं नाही.

ती म्हणाली, तुमच्यासाठी म्हणतेय.

माझ्यासाठीच करतोय, म्हटलं. ती हसली नाही.

२६ एप्रिल.

सर्व्हर दुलईत गुंडाळला. कीबोर्ड, माउस, वायरी, फाइल, वाक्याचा कागद. वाक्य आता दीड पान झालं आहे.

मामींचा उजवा कान अजून आहे. रतनकडून खात्री करून घेतली.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ६.

निघतो. आजचा दिवस मी शंभर दिवस वाट बघून कमावलाय.

२७ एप्रिल. दुपारी ३.२०. शिंगणापूर, गहिनीनाथचा कडबा ठेवायचा पत्रा. एकट्याने लिहितोय.

हे लिहावं की नाही?

सकाळी सगळं ठीक होतं. ऐंशी पाहुणे. मामींचं औक्षण झालं, पंचाहत्तर दिवे लावले. टोपी-टॉवेल-नारळ मला आधी दिला, ते बरोबर केलं. गहिनीनाथ माझ्याकडे बघत नव्हता. रतनने चहा देताना दाजी म्हटलं, पण नेहमीसारखं नाही.

मी सर्व्हर त्याच्या राऊटरला जोडला आणि उभा राहून म्हटलं, ज्यांना ज्यांना आसारामबापूंना बघायचंय त्यांनी पत्ता वाचावा. पाटी वर धरली. मग म्हटलं, गहिनीनाथराव, तुम्हीच टाका तुमच्या टीव्हीवर. तो उठला, एक-एक आकडा टाकला. मी मामींना पुढच्या खुर्चीत बसवलं, उजवा कान टीव्हीकडे.

म्हैस आली.

सगळ्या भिंतीएवढ्या टीव्हीवर म्हैस. रवंथ करत होती. ऐंशी माणसं बघत होती. म्हटलं, थांबा. सर्व्हर बंद करून चालू केला. पाच सेकंद माझ्या सर्व्हरच्या पहिल्या पानावरचा गणपती दिसला, मग म्हैस. पुन्हा केलं. म्हैस उठून वळली आणि शेपटी आमच्याकडे केली. मागून कोणीतरी म्हणालं, बापू कुठंयत? लंकाबाई म्हणाल्या, अगं ह्येच की, थोरल्या जावयाचं चलचित्र.

मग कळलं. त्याच्या घरात आठ त्याच्या कॅमेऱ्याचा होता. मी त्याच्याच घरात माझा आठ आणून ठेवला होता. दिशा हेच सांगत होती.

गहिनीनाथलाही कळलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, म्हंजी तुमी कधीच बगत नव्हता? मी म्हटलं, नाही. तो जोरात श्वास सोडून खाली बसला. मामींनी विचारलं, चालू झालं का? मला काय ऐकू येईना.

मी इथे पत्र्याखाली आलो. आत काय चाललंय माहीत नाही. पंकजा बोलवायला आलीय.

२८ एप्रिल, सोमवार. सावेडी.

कालचं पूर्ण करतो.

मी आत गेलो तेव्हा गहिनीनाथने डिशच्या डब्याची वायर टीव्हीतून काढलेली नव्हती, फक्त डब्याकडचं टोक उपसून माझ्या सर्व्हरला लावलं होतं. एक वायर. पत्त्याची गरजच नव्हती. माउस फिरवत म्हणाला, साडूभाऊ, कुठलं दाबू? मी दाखवलं.

मांडव, बँड, अक्षता. आसारामबापू मध्ये कुठेतरी धावपळ करताना, आवाज नाही. मामी पुढे सरकल्या. मग पंगत. आणि मग मी.

नवरदेव, मुंडावळ्या, पाटावर. हाताची घडी. ताट समोर. तोंड दुसरीकडे. मला आधी वाटलं, उन्हामुळे डोळे बारीक केलेत. मग आसारामबापू आले आणि बोलायला लागले. आवाज एकदम स्वच्छ. म्हणाले, जावईबापू, राग सोडा, चुकलं आमचं. पंखा लगीच फिरवितो. पंगतीतला टेबलफॅन माझ्या मामांकडे तोंड करून होता, माझ्याकडे नाही. मे महिना होता. बापूंनी स्वतः पंखा उचलला, माझ्याकडे केला, वायर पुरेना, मग तो तसाच हातात धरून उभे राहिले. म्हणाले, आता घास घ्या, पोरगी सकाळपासून उपाशी हाय. मी घेतला नाही. त्यांनी टोपी काढली. काखेत पंखा, हातात टोपी. अकरा मिनिटं. शूटिंगवाल्याने सगळं घेतलंय. त्या कॅसेटमध्ये बापूंचं बोलणं एवढंच आहे. दुसरं काही नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

मामी म्हणाल्या, मोठा करा. मोठा केला. त्या उजवा कान टीव्हीला लावून बसल्या आणि बापूंबरोबर ओठ हलवत होत्या. मग मला म्हणाल्या, रागाने नाही, सांगायचं म्हणून म्हणाल्या, कुनापुढं वाकायचे न्हाईत ओ हे. पाटलापुढं न्हाई वाकले. त्या दिवशी तेवढे वाकले. मग म्हणाल्या, परत लावा.

तीनदा लावलं. गहिनीनाथने आवाज मोठाच ठेवला. दुसऱ्या वेळी मी वाट बघत होतो, आता मी उठणार, आता घास घेणार. माझ्या आठवणीत मी बापूंनी पहिल्यांदा सांगितल्यावरच घास घेतला होता. बत्तीस वर्षं तसंच होतं. कॅसेटमध्ये मी घेतच नाही. बापू पंखा धरून उभे आहेत आणि कॅसेट संपते.

वाक्याचा कागद खिशात होता. काढला नाही.

परत येताना घोडेगाव मागे पडलं. मग गाडीत मी पंकजाला विचारलं, तुला माहीत होतं का कॅसेटमध्ये काय आहे?

म्हणाली, मी शेजारच्याच पाटावर होते की.

म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, जानेवारीपासून तेच तर सांगत होते, आईला एकटीला ऐकू द्या म्हणून. घास कधी घेतलात ते आठवतंय का? म्हटलं, नाही. म्हणाली, संध्याकाळी. बापूंना चक्कर आल्यावर.

मग तिने डोळे मिटले. मी सावेडी येईपर्यंत खिडकीची काच वर-खाली करत होतो.